पानाजवळची हवा

दिवाळीच्या सुमारास दिंडोरी, निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात पहाटे फटाक्यांच्याही आधी कानावर येतो तो ब्लोअरचा आवाज. द्राक्षांची गोडी छाटणी होऊन काही आठवडे झालेले असतात. कुठे डोळे फुटत असतात, कुठे पोंगा अवस्था सरून पाने उलगडलेली असतात, कुठे कोवळे घड दिसू लागलेले असतात. परतीचा पाऊस रेंगाळला की डाउनीची धास्ती, पुढे भुरीची. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे औषधाची टाकी आणि टाकीच्या मागे मोठा पंखा, असे यंत्र बागेच्या ओळींतून फिरत राहते. पंखा हवेचा झोत सोडतो, नोझल त्या झोतात औषधाचे थेंब सोडतात आणि झोत ते थेंब पानांवर नेऊन आपटतो, अशी आपली साधी समजूत असते.

मी पुष्कळ वर्षे नाशकात अभियांत्रिकीच्या मुलांना प्रवाही पदार्थांचे शास्त्र शिकवले. वर्गातली बरीच मुले द्राक्षबागायतदारांच्या घरची. त्यामुळे भिंतीलगतच्या प्रवाहाचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येई : "सर, पंख्याचा वारा वाढवला की औषध जास्त बसतं ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सरळ 'हो' नाही आणि सरळ 'नाही'ही नाही. पंख्याच्या तोंडाशी वारा किती आहे, हे हातात धरायच्या साध्या मापकाने कळते. पानापासून अर्ध्या मिलिमीटरवर तो किती आहे, हे मात्र कळत नाही. आणि औषध बसणार की नाही, याचा निकाल बराचसा तिथे लागतो. झोत पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्या शेवटच्या मिलिमीटरात काय घडते आणि ते मोजायला इतके अवघड का, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पंख्यावरची धूळ

दिवाळीच्या साफसफाईत छताचा पंखा पुसायला काढला की पात्यांवर धुळीचा जाड थर सापडतो. पंखा वर्षभर गरगर फिरत होता, त्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडत होते. मग त्याच्याच पात्यावरची धूळ का उडाली नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. पात्याच्या दृष्टीने ती थांबलेलीच असते. हवा असो वा पाणी, घन पृष्ठभागाला टेकलेल्या कणाचा त्या पृष्ठभागावरचा वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून जसजसे दूर जावे तसतसा वेग वाढत जातो आणि थोड्याच अंतरावर तो बाहेरच्या वाऱ्याइतका होतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा पातळ थर म्हणजे सीमास्तर.

ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एका छोट्याशा निबंधात मांडली. त्यापूर्वी प्रवाहाचे गणित आणि प्रत्यक्ष प्रवाह यांचे जमत नव्हते. हवेचा चिकटपणा इतका थोडा, की गणिती तो शून्य धरत. आणि शून्य धरला की वाऱ्याचा कोणत्याही वस्तूला विरोधच होत नाही, असे भलतेच उत्तर येई. प्रांटल यांनी सांगितले, की चिकटपणा विसरायचा तर खुशाल विसरा, पण पृष्ठभागालगतच्या पातळ थरात विसरू नका. सगळा खेळ तिथेच चालतो.

या प्रांटल यांच्याकडे गटिंगेनला डॉक्टरेट केलेला एक मराठी माणूस आपल्या विमानविद्येच्या पायाशी उभा आहे. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८ चा. स्वतंत्र भारतात आरेखित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार झाले आणि १९५१ मध्ये उडाले. त्याच संस्थेचा पुढचा अवतार असलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६० च्या दशकात नाशिकजवळ ओझरला आला आणि तिथे मिग-२१ विमाने बांधली जाऊ लागली. कारखान्याच्या कुंपणाबाहेर द्राक्षबागा आहेत. आत जेट विमान, बाहेर ब्लोअर. दोन्हीकडे झोत आणि पृष्ठभाग यांचाच संबंध आहे.

झोत आदळतो म्हणजे काय होते

गरम चहा बशीत ओतून आपण त्यावर फुंकर घालतो, तेव्हा झोत पृष्ठभागावर आदळवण्याचाच प्रयोग करत असतो. त्याचे टप्पे पाहू.

तोंडातून, नळीतून किंवा पंख्यातून सुटलेला झोत एकटा जात नाही. कडेची स्तब्ध हवा तो स्वतःत ओढून घेतो. त्यामुळे तो रुंद होत जातो आणि मंद होत जातो. गोल नळीतून सुटलेल्या झोताचा मधला गाभा साधारण पाच-सहा व्यासांच्या अंतरापर्यंत टिकतो. त्यानंतर मधला वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणजे पानापर्यंत पोचणाऱ्या झोतात पंख्याने फेकलेल्या हवेपेक्षा वाटेत गोळा केलेली, बागेतलीच हवा अधिक असू शकते.

समोर पृष्ठभाग आला की झोताला वळावे लागते. बरोबर मध्यभागी एक जागा अशी असते, की तिथे हवा पुढे जाऊ शकत नाही आणि बाजूलाही जात नाही. तिला स्तब्धबिंदू म्हणू. तिथे वेग शून्य आणि दाब सर्वांत जास्त असतो. हा दाबच हवेला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो. पृष्ठभागालगत पसरणाऱ्या हवेचा वेग मध्यापासून बाहेर साधारण एक व्यासापर्यंत वाढतो आणि मग पसरण्यामुळे व घर्षणामुळे घटत जातो. या पसरणाऱ्या पातळ प्रवाहाला भिंतीचा झोत म्हणतात.

मध्याजवळ हवा वेग घेत असल्यामुळे सीमास्तर फार पातळ राहतो. किती पातळ? २६ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे १३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने हवा सोडली, तर स्तब्धबिंदूजवळच्या सीमास्तराची जाडी हिशेबाने मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते. पोस्टकार्डाच्या जाडीच्या जवळपास! या थरातून उष्णता, वाफ किंवा औषधाचा अगदी बारीक कण पलीकडे जायचा असतो. थर पातळ असेल तितके जाणे सोपे. म्हणूनच पृष्ठभाग थंड करायचा किंवा वाळवायचा असेल तर त्याला समांतर वारा घालण्यापेक्षा त्यावर झोत आदळवणे परिणामकारक ठरते. आधुनिक जेट इंजिनाच्या टर्बाइनमधला वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही तप्त असतो. ती पाती पोकळ करून आतून त्यांच्या भिंतीवर हवेचे बारीक झोत मारतात, हा त्यांना वाचवण्याचा एक मार्ग आहे.

खळबळ

इथपर्यंत हवा शहाण्यासारखी वागते, असे आपण गृहीत धरले. ती तशी वागत नाही. १८८३ साली मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर धार सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढवल्यावर ती एका जागी थरथरली आणि मग सगळ्या नळीत विस्कटून गेली. पहिला प्रवाह स्तरीय, दुसरा संक्षुब्ध. वेग, आकार आणि चिकटपणा यांच्या गुणोत्तरातून येणारा जो अंक हे ठरवतो त्याला रेनल्ड्स अंक म्हणतात. वर सांगितलेल्या २६ मिलिमीटरच्या झोताचा रेनल्ड्स अंक सुमारे २३,००० येतो. तो नळीतला प्रवाह विस्कटायला लागतो त्या अंकाच्या कितीतरी पट आहे.

संक्षुब्ध प्रवाहात कोणत्याही एका जागी वेग क्षणोक्षणी बदलतो. म्हणून तिथे दोन गोष्टी मोजाव्या लागतात : सरासरी वेग किती, आणि त्या सरासरीभोवतीची खळबळ किती. खळबळीलाही दिशा असते. मोकळ्या हवेत ती तिन्ही दिशांना कमी-अधिक सारखी असू शकते. पण पृष्ठभागाजवळ तिला भिंत अडवते. भिंतीला समांतर हेलकावे घ्यायला हवेला मोकळीक असते, भिंतीच्या आत मात्र शिरता येत नाही. त्यामुळे भिंतीकडे येण्या-जाण्याची खळबळ भिंतीजवळ सर्वांत आधी मरते. गंमत अशी, की उष्णता किंवा बारीक कण भिंतीपर्यंत पोचवण्याचे काम नेमकी हीच खळबळ करते. जी सर्वांत दुबळी, तिच्यावरच सगळा भार.

तार, प्रकाश आणि कण

हे मोजायचे कसे? सर्वांत जुने आणि अजूनही वापरातले साधन म्हणजे तप्त तार. सुमारे ५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक, एखाद्या मिलिमीटर लांबीची टंगस्टनची तार दोन सुयांच्या टोकांवर बसवतात आणि विजेने तापवतात. वारा आला की ती थंड होऊ लागते. तिचे तापमान कायम राखायला जास्त वीज द्यावी लागते आणि त्या विजेवरून वाऱ्याचा वेग कळतो. वेग आणि उष्णतेचा ऱ्हास यांचे नाते एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये दिले. तार इतकी हलकी असते, की सेकंदाला हजारो चढउतार ती टिपू शकते.

पण झोत आदळतो त्या पृष्ठभागाजवळ या तारेची तीन संकटे होतात. पहिले म्हणजे तिला वेग कळतो, दिशा कळत नाही. समोरून आलेला वारा आणि मागून आलेला वारा तिला सारखेच थंड करतात. स्तब्धबिंदूजवळ सरासरी वेग थोडा आणि खळबळ मोठी असते. हवा क्षणात इकडे, क्षणात तिकडे जाते. तार त्या सगळ्याला 'पुढे' असेच म्हणते आणि सरासरी फसते. दुसरे, तार आणि तिला धरणाऱ्या सुया कितीही बारीक असल्या तरी अर्ध्या मिलिमीटरच्या थरात त्या पाहुण्यासारख्या नसून घुसखोरासारख्या असतात.

तिसरे संकट सर्वांत फसवे आहे. तार भिंतीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जवळ आली, की तिची उष्णता वाऱ्याबरोबरच थेट थंड भिंतीकडेही जाऊ लागते. तारेला वाटते वारा वाढला. प्रत्यक्षात भिंतीकडे जाताना वेग शून्याकडे घसरत असतो आणि मापक मात्र तो चढत असल्याचे दाखवतो. वेग शून्य असलाच पाहिजे हे आधीपासून ठाऊक नसते, तर हे आकडे कोणीही खरे मानले असते.

म्हणून प्रकाश वापरायची युक्ती निघाली. १९६४ मध्ये ये आणि कमिन्स या संशोधकांनी वाहत्या पाण्यातल्या कणांवरून विखुरलेल्या लेसर किरणांच्या वारंवारतेतला फरक मोजून वेग काढून दाखवला. पुढे प्रकाशाचा पातळ पडदा टाकून हवेत सोडलेल्या धुराच्या कणांची लागोपाठ दोन छायाचित्रे घ्यायची आणि कण किती सरकले यावरून एकदम संपूर्ण पट्ट्यातला वेग काढायचा, ही पद्धत रूढ झाली. यात हवेत तार किंवा सुई घालावी लागत नाही, दिशाही कळते. तरी भिंतीजवळ अडचण राहतेच. भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश डोळे दिपवतो; आणि आपण हवेचा वेग मोजत नसून कणांचा वेग मोजत असतो. हवा वळली तरी कण वळेलच असे नाही. ही शेवटची ओळ ध्यानात ठेवावी. बागेत ती फार उपयोगी पडते.

स्वतःच्याच समीकरणाची परीक्षा

इतका खटाटोप कशाला, संगणकाला विचारावे, असे कोणी म्हणेल. संगणकाकडून संक्षुब्ध प्रवाहाचे उत्तर मिळवायचे तर प्रत्येक भोवऱ्याचा माग काढणे बहुतेक वेळा परवडत नाही. म्हणून खळबळीच्या सरासरी परिणामासाठी एक तडजोडीचे समीकरण, म्हणजेच प्रारूप वापरतात. त्यातले जगभर सर्वाधिक वापरले गेलेले प्रारूप खळबळीची ऊर्जा आणि त्या ऊर्जेचा ऱ्हास अशा दोन राशींवर उभे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ते ज्यांनी घडवले त्यांत ब्रायन लाँडर हे नाव अग्रभागी आहे.

याच लाँडर यांनी मँचेस्टरला कूपर, जॅक्सन आणि लियाओ या सहकाऱ्यांबरोबर आदळणाऱ्या झोतावर काटेकोर मोजमापे केली आणि ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. लांब सरळ नळीतून पूर्ण विकसित संक्षुब्ध झोत सपाट पाटीवर काटकोनात सोडला. रेनल्ड्स अंक दोन घेतले, २३,००० आणि ७०,०००. पाटी नळीच्या तोंडापासून दोन ते दहा व्यासांवर ठेवली. तप्त तारेने मध्यापासून बाहेर निरनिराळ्या अंतरांवर, पाटीच्या अगदी जवळपर्यंत, सरासरी वेग आणि खळबळ मोजली. प्रयोगाचा हेतू शीर्षकातच होता : खळबळीच्या प्रारूपांची परीक्षा घेणे. जोडलेखात चार प्रारूपे तपासली. निष्कर्ष असा, की ज्या दोन राशींच्या प्रारूपावर सगळे जग विसंबून होते, ते स्तब्धबिंदूजवळची खळबळ प्रत्यक्षापेक्षा फारच जास्त दाखवते.

कारण वर आलेच आहे. ते प्रारूप खळबळीला दिशा नसल्यासारखे वागवते. भिंत कोणती खळबळ मारते आणि कोणती सोडते, हे त्याला कळत नाही. भिंतीला समांतर वाहणाऱ्या प्रवाहात ही उणीव झाकली जाते, कारण प्रारूपातले स्थिरांक तशाच प्रवाहांवरून बसवलेले असतात. झोत समोरून आदळला की ती उघडी पडते. पॉल डर्बिन यांनी भिंतीला लंब असलेल्या खळबळीचा वेगळा हिशेब ठेवणारे प्रारूप मांडले, आणि आदळणाऱ्या झोताच्या बाबतीत ते प्रयोगाच्या पुष्कळ जवळ गेले.

मला या गोष्टीत शास्त्राइतकाच माणूस महत्त्वाचा वाटतो. आपण घडवलेले समीकरण जगभर चालत असताना ते जिथे कोसळेल अशीच जागा शोधायची आणि तिथे हातातल्या तारेने मोजायचे, याला वेगळी निष्ठा लागते. ही मोजमापे आजही नव्या प्रारूपांची कसोटी म्हणून वापरली जातात.

मुंबईतला पातळ पत्रा

मोजण्याची आणखी एक तऱ्हा आहे : हवेला काही न विचारता पृष्ठभागालाच विचारायचे. मुंबईच्या आयआयटीत वादिराज कट्टी आणि एस. व्ही. प्रभू यांनी हे काम केले. त्यांचा निबंध २००८ सालचा. पातळ धातूचा पत्रा विजेने तापवायचा, त्याच्या एका बाजूवर झोत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूचे तापमान अवरक्त कॅमेऱ्याने टिपायचे. पत्रा जिथे थंड, तिथे झोताचा परिणाम जास्त. रेनल्ड्स अंक १२,००० ते २८,००० आणि पत्र्याचे अंतर अर्ध्या व्यासापासून आठ व्यासांपर्यंत, अशा मर्यादांत त्यांनी नकाशे काढले. मध्यापासून एक व्यासापर्यंत स्तब्ध विभाग, एक ते अडीच व्यासांपर्यंत संक्रमणाचा विभाग आणि त्यापलीकडे भिंतीचा झोत, अशी त्यांनी मांडणी केली.

मधल्या विभागात एक विलक्षण गोष्ट घडते. पाटी झोताच्या जवळ असेल, तर थंडावा मध्यावर जास्त, मग कमी होत गेलेला, आणि मध्यापासून सुमारे दोन व्यासांवर पुन्हा वाढलेला आढळतो. वारा तिथे पुन्हा वाढलेला नसतो. वाढते ती खळबळ. झोताच्या कडेला तयार झालेले कड्यांसारखे भोवरे पाटीवर येऊन बाहेर सरकतात. शिवाय मध्यापासून वेग घेत निघालेला पातळ थर आता मंदावू लागल्याने विस्कटायला तयार झालेला असतो. नुसता सरासरी वेग पाहणाऱ्याला हे दुसरे शिखर कधीच सापडले नसते.

पुन्हा बागेत

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. प्रयोगशाळेतली पाटी सपाट, स्थिर, एकटी. द्राक्षाचे पान लवचीक देठावर हलणारे, खाचाखुणांचे आणि शेकडो पानांच्या गर्दीतले. म्हणून प्रयोगशाळेचे आकडे बागेत जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यामागची कारणे लावता येतात.

पहिले कारण थेंबाच्या आकाराचे. हवा पानाजवळ येऊन वळते. थेंब वळतो की सरळ जाऊन आदळतो, हे त्याच्या वजनावर ठरते. १०० मायक्रॉनचा थेंब २० मायक्रॉनच्या थेंबापेक्षा व्यासाने पाचपट, पण वजनाने १२५ पट असतो. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा २० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सोडला तर साध्या हिशेबाने सेंटिमीटरभरात थांबतो. म्हणजे पानासमोर हवा जशी वळेल तसा तो मुकाट वळतो आणि पानाला वळसा घालून निघून जातो. १०० मायक्रॉनचा थेंब हवेचे ऐकत नाही, तो आदळतो. फार मोठा थेंब मात्र आदळून उडतो किंवा घरंगळतो आणि जमिनीत जातो. तेव्हा पानाभोवती दाट धुके दिसले म्हणजे औषध बसले, असे नाही. डोळ्याला जे धुके सुंदर दिसते, त्यातला बराच भाग पानाला न शिवता शेजारच्या शेतात, किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता असते.

दुसरे कारण पानाचे. वारा बेताचा असेल तर पान फडफडते, उलटसुलट होते आणि त्याच्या दोन्ही बाजू झोतासमोर येतात. हे फार मोलाचे असते, कारण डाउनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरते. वारा अति झाला की पान झोताच्या दिशेने ताणले जाऊन कडेवर येते. मग झोत त्यावर आदळत नाही, त्याला समांतर निसटतो. आपण पाहिलेला पातळ थरांचा सगळा फायदा जातो. दाट मांडवात तर जोराच्या झोताने पुढची पाने एकमेकांवर कौलांसारखी बसतात आणि मागच्या पानांना आडोसा मिळतो. वारा वाढवून आपणच आतल्या पानांचे दार लावून घेतो.

तिसरे कारण वेळेचे. प्रयोगशाळेत सरासरी काढायला तार तिथेच ठेवून हवा तितका वेळ मोजता येते. ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटर चालला आणि झोत अर्धा मीटर रुंद धरला, तर एखादे पान झोतात सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक काळ असते. त्याच्या वाट्याला सरासरी येतच नाही. त्या क्षणी जो भोवरा आला तो येतो. म्हणूनच एकाच वेलीवर एक पान माखलेले आणि त्याच्या शेजारचे कोरडे असे दिसते.

म्हणजे झोताचे खरे काम थेंबांना पानावर दणका देणे हे नाही. पानांच्या गर्दीत आधीपासून असलेली कोरडी हवा बाहेर काढून तिच्या जागी थेंबांनी भरलेली हवा नेऊन बसवणे आणि पाने हलती ठेवणे हे आहे. तेवढा वारा पुरे. त्याहून जास्त वारा डिझेल आणि औषध दोन्ही उधळतो.

'तेवढा' म्हणजे किती, हे दर बागेत, दर अवस्थेत वेगळे असणार. पोंगा अवस्थेतल्या उघड्या काड्यांना जो वारा पुरतो, तो फुलोऱ्यानंतरच्या दाट मांडवाला पुरणार नाही. तो मोजावाच लागतो, आणि त्यासाठी लेसर लागत नाही. मांडवाच्या पलीकडच्या बाजूला हलक्या फिती बांधाव्यात. ब्लोअर गेल्यावर त्या हलल्या पाहिजेत. आडव्या ताणल्या गेल्या तर वारा जास्त झाला, हलल्याच नाहीत तर आत पोचलाच नाही. दुसरे साधन म्हणजे पाण्याला संवेदनशील कागद. पिवळ्या रंगाच्या या पट्टीवर थेंब पडला की निळा डाग उमटतो. मांडवात वर, मध्ये, आत, पानाच्या दोन्ही बाजूंना अशा पट्ट्या लावायच्या, टाकीत नुसते पाणी भरून एक फेरी मारायची आणि पट्ट्या काढून शेजारी शेजारी ठेवायच्या. एक पट्टी पूर्ण निळी आणि दुसरी कोरी निघाली तर टाकी किती लिटरची होती याला अर्थ उरत नाही. कल्पना मुंबईच्या पत्र्याचीच आहे : हवेला विचारू नका, पृष्ठभागाला विचारा.

दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने मला एकदा म्हटले होते, "सर, औषधाचं बिल माझ्या हातात येतं, पण औषध कुठं गेलं त्याचा हिशोब कोणीच देत नाही." तो हिशेब पानाजवळच्या त्या मिलिमीटरात लिहिलेला असतो. डाउनीच्या हंगामात एक चुकलेली फवारणी म्हणजे घड गेले. आणि भीतीपोटी केलेली जादा फवारणी म्हणजे खर्च, घशाची जळजळ आणि निर्यातीच्या वेळी औषधाच्या अंशांची चिंता. या दोन्हींच्या मध्ये उभे राहायला अंदाज पुरत नाही. पट्ट्यांचे एक पाकीट आणि पाण्याची एक टाकी एवढ्यावर पुढच्या फवारणीआधी कोणालाही सुरुवात करता येईल. पंख्याचा वेग त्यानंतर ठरवावा.